फळमाशीच्या स्मृतीचा माग : डॉ. ओबेद सिद्दिकी यांचे जीवनकार्य

पिकून काळ्या पडू लागलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणारी लाल डोळ्यांची बारीक चिलटे कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला अपरिचित नाहीत. शास्त्रज्ञ या कीटकाला ड्रोसोफिला म्हणतात आणि मराठी विज्ञानलेखनात त्यासाठी फळमाशी हा शब्द वापरला जातो. आंबा आणि पेरू नासवणारी जी फळमाशी बागायतदारांना ठाऊक असते, ती मात्र वेगळी. प्रयोगशाळेतील ही माशी जेमतेम तीन मिलिमीटर लांबीची असते. तरीही तिला स्मृती असते. एखादा वास येत असताना विजेचा धक्का बसला, तर पुढे ती तो वास टाळते आणि योग्य रीतीने शिकवल्यास हा धडा आठवडाभर विसरत नाही. इतकी दीर्घ आठवण राखण्यासाठी तिच्या चेतापेशींतील काही जनुके जागी व्हावी लागतात. ती केव्हा जागी व्हावीत आणि केव्हा निद्रिस्त राहावीत, हे ठरवणारी वेगळी नियामक प्रथिने असतात.

भारतात या संशोधनशाखेचा पाया मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घातला गेला. तो घालणारे शास्त्रज्ञ डॉ. ओबेद सिद्दिकी यांचे २६ जुलै २०१३ रोजी बेंगळुरू येथे निधन झाले. जनुकशास्त्राच्या जगात त्यांचे नाव आदराने घेतले जाते. महाराष्ट्रातील सर्वसामान्य वाचकाला मात्र ते फारसे ठाऊक नाही. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे मुंबईत काम केलेल्या माणसाबाबत असे व्हावे, हे काहीसे खेदजनक आहे.

गव्हाच्या शेतातून ग्लासगोला

ओबेद सिद्दिकी यांचा जन्म ७ जानेवारी १९३२ रोजी उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ते गव्हाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करू लागले. तेथे त्यांचे प्रयोगाचे पीक गारपिटीत आडवे झाले. गव्हाच्या एका हंगामासाठी वर्षभर थांबावे लागते. बुरशी किंवा जिवाणूंच्या अनेक पिढ्या मात्र काही दिवसांत हाती येतात. सिद्दिकी यांनी गव्हाचा नाद सोडला आणि स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाची वाट धरली.

ग्लासगोमध्ये त्यांना गिदो पोन्तेकोर्वो हे मार्गदर्शक लाभले. मुसोलिनीच्या राजवटीत इटली सोडावे लागलेले पोन्तेकोर्वो हे बुरशीच्या जनुकशास्त्राचे अध्वर्यू मानले जात. जनुक म्हणजे माळेतील अखंड मणी, ही जुनी समजूत त्या काळात मोडीत निघत होती. एकाच जनुकाच्या आत अनेक स्थाने असतात आणि त्या स्थानांचाही नकाशा काढता येतो, हे नव्याने उमगू लागले होते. सिद्दिकी यांनी ॲस्परजिलस या बुरशीतील एका जनुकाचा असा सूक्ष्म नकाशा तयार केला आणि १९६१ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्यानंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन गॅरेन यांच्यासमवेत त्यांनी केलेले काम अधिक गाजले. जनुकातील मजकूर पेशी अक्षर अक्षर जुळवून वाचते आणि त्यानुसार प्रथिन घडवते. या मजकुराच्या मध्येच चुकून पूर्णविराम पडला, तर प्रथिन अर्धवट राहते आणि निकामी ठरते. काही जिवाणूंत मात्र असा चुकीचा पूर्णविराम दुर्लक्षून पुढे वाचण्याची सोय दुसऱ्याच एखाद्या जनुकातील बदलामुळे होते. गॅरेन आणि सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये अशा बदलांविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. जनुकीय संकेतलिपीत पूर्णविराम असतात, हे सिद्ध होण्याच्या मार्गावरील ते एक महत्त्वाचे पाऊल होते. सिद्दिकी तेव्हा तीस वर्षांचे होते आणि अमेरिकेत राहिले असते तर त्यांचे बस्तान सहज बसले असते.

कुलाब्यातील नवी शाखा

अमेरिकेत त्यांची गाठ लिओ झिलार्ड यांच्याशी पडली. अणुभट्टीची कल्पना प्रथम मांडणाऱ्यांपैकी एक असलेले हे भौतिकशास्त्रज्ञ युद्धानंतर जीवशास्त्राकडे वळले होते. त्यांच्यामार्फत सिद्दिकी यांचे नाव डॉ. होमी भाभा यांच्यापर्यंत पोचले. भाभा यांनी सिद्दिकी यांना मुंबईत येऊन रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभारण्याचे निमंत्रण दिले.

तो काळ मोठ्या उभारणीचा होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली होती. कुलाब्याला समुद्रकिनारी उभ्या राहिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वास्तूचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते जानेवारी १९६२ मध्ये झाले. गणित, अणुभौतिकी आणि विश्वकिरण हे तिचे मुख्य विषय. अशा संस्थेत जिवाणू वाढवणारी एक छोटी तुकडी १९६२ मध्ये दाखल झाली. पोलादाचा उपयोग कोणालाही समजावून सांगता येतो, परंतु जिवाणूंच्या संकराचा अभ्यास गरीब देशाने का करावा, हा प्रश्न त्या काळी विचारला जात होता आणि तो गैरही नव्हता. भाभा यांची भूमिका अशी होती की विभाग विषयांच्या यादीतून उभा राहत नाही, तो सक्षम माणसाभोवती वाढतो. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा यांचे निधन झाले, तेव्हा हा विभाग अवघ्या साडेतीन वर्षांचा होता. तो टिकला, याचे बरेचसे श्रेय सिद्दिकी यांना द्यावे लागते.

त्यांनी निवडलेली माणसे एका साच्यातील नव्हती. पी. बाबू हे सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडून आले होते. पी. के. मैत्र आणि झिटा लोबो यांनी यीस्टमधील साखरेच्या विघटनाच्या जनुकांवर केलेले काम पुढे या विषयातील आधारभूत काम ठरले. काही वर्षांनी रासायनिक अभियांत्रिकी शिकलेले के. विजयराघवन हे विद्यार्थी म्हणून आले. पुढे ते केंद्र सरकारचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार झाले. सिद्दिकी स्वतः त्या वर्षांत जिवाणूंच्या संयोगात एकाचे डीएनए दुसऱ्याच्या डीएनएमध्ये नेमके कसे सामावते, याचा शोध घेत होते. त्या कामाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली होती.

सिद्दिकी यांच्या पत्नी आसिया सिद्दिकी या इतिहासकार होत्या. एकोणिसाव्या शतकातील मुंबईचे व्यापारी आणि त्यांचे व्यवहार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या व्यापारविश्वावरील त्यांचे लेखन आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. मुंबईच्या इतिहासाला या कुटुंबाने दिलेली ही स्वतंत्र देणगी म्हणावी लागेल.

चाळिशीतील विषयबदल

नामवंत संशोधकाने चाळिशीत आपला विषय बदलणे जोखमीचे असते. सिद्दिकी यांनी ती जोखीम पत्करली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेत सीमूर बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत गेले.

बेन्झर हेही मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. विषाणूच्या एका जनुकाचा सूक्ष्म नकाशा काढून ते विख्यात झाले होते. ग्लासगोमध्ये सिद्दिकी यांनी बुरशीवर केलेले काम त्याच जातीचे होते. बेन्झर यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विषाणू सोडून फळमाशी हाती घेतली. प्राण्याचे वर्तन जनुकांच्या पातळीवर उलगडता येईल, असा त्यांचा कयास होता आणि तो तेव्हा अनेक जाणकारांना अतिधाडसी वाटला. माशीच्या एका जनुकात बिघाड घडवायचा आणि तिच्या वागण्यात काय बदलते ते पाहायचे, इतकी ही पद्धत सोपी होती. त्यासाठी हजारो माश्या तपासण्याचा चिकाटीचा उद्योग मात्र करावा लागे.

सिद्दिकी यांनी तेथे अशा माश्या अभ्यासल्या, ज्या साध्या तापमानाला व्यवस्थित चालतात, परंतु तापमान वाढवताच लुळ्या पडतात. अशा प्रकारची पहिली माशी कॅनडातील डेव्हिड सुझुकी यांच्या गटाने १९७१ मध्ये वर्णिली होती. सिद्दिकी आणि बेन्झर यांनी या माश्यांच्या मज्जासंस्थेतील विद्युत संदेशांची मोजणी केली आणि त्यांचा शोधनिबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी वर्णिलेल्या एका उत्परिवर्तनाचे नाव कोमाटोझ, म्हणजे बेशुद्धावस्थेतील. ही माशी उष्णतेने लुळी पडते आणि थंड हवेत आणल्यावर सावकाश भानावर येते. सदोष जनुक कोणते, हे १९९५ मध्ये समजले. चेतापेशीच्या टोकाशी रासायनिक संदेश सोडण्याच्या यंत्रणेतील एका मूलभूत प्रथिनाचे ते जनुक निघाले. सुझुकी यांच्या माशीत सोडियमचे सूक्ष्म द्वार सदोष असल्याचे १९८९ मध्ये स्पष्ट झाले होते. घरोघरी डासांना पळवण्यासाठी जी औषधे वापरली जातात, त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये कीटकांच्या याच द्वारावर आघात करतात.

त्याच प्रयोगशाळेत स्मृतीचाही शोध सुरू होता. विल्यम क्विन, विल्यम हॅरिस आणि बेन्झर यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले की माशीला वास आणि विजेचा धक्का यांची सांगड घालायला शिकवता येते. १९७६ मध्ये न शिकणारी पहिली माशी सापडली आणि तिचे नाव ठेवले डन्स. आपल्याकडे शाळेत ज्याला ढ म्हणतात, तोच तिचा अर्थ. त्यानंतर सापडलेल्या मंदबुद्धी माश्यांना क्विन यांच्या प्रयोगशाळेने भाज्यांची नावे दिली. त्यांतली एक मुळा, दुसरी कोबी, तिसरी सलगम आणि चौथी सलगमाच्याच कुळातील रुटाबागा. विनोदाचा भाग सोडला तरी या माश्यांनी एक मोठे कोडे सोडवले. डन्स आणि रुटाबागा या दोन्ही जनुकांतील प्रथिने सायक्लिक एएमपी या एकाच लहानशा रेणूशी संबंधित निघाली. एक प्रथिन तो रेणू तयार करते आणि दुसरे त्याची विल्हेवाट लावते. समुद्री गोगलगायीवर काम करणारे एरिक कँडेल याच रेणूपाशी वेगळ्या वाटेने पोचले होते. कँडेल यांना २००० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

वास कळला, तरच आठवणार

मुंबईला परतल्यावर सिद्दिकी यांनी स्मृतीला थेट हात घातला नाही. त्यांनी वास आणि चव हे विषय निवडले. ही निवड वरवर पाहता दुय्यम वाटते. प्रत्यक्षात ती अधिक मूलगामी होती. शिकवलेला वास माशीने टाळला नाही, तर ती धडा विसरली असे म्हणण्यापूर्वी तिला तो वास मुळात येतो का, हे ठाऊक असले पाहिजे. बहिऱ्या मुलाला मास्तरांनी ढ ठरवण्यासारखी चूक प्रयोगशाळेतही होऊ शकते.

या कामात त्यांना लाभलेली सर्वात महत्त्वाची सहकारी म्हणजे व्हेरोनिका रॉड्रिग्ज. मूळ गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका यांचा जन्म १९५३ मध्ये केनियात झाला. आयर्लंडमध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकत असताना सिद्दिकी यांचे शोधनिबंध त्यांच्या वाचनात आले. त्यांनी मुंबईला पत्र लिहिले आणि पीएच.डी.साठी थेट कुलाबा गाठले. त्या काळात हुशार विद्यार्थ्यांचा प्रवाह नेमका उलट दिशेने वाहत होता, हे लक्षात घेतले तर या निर्णयाचे मोल कळते.

सिद्दिकी आणि रॉड्रिग्ज यांचा वास आणि चव यांच्या जनुकीय विश्लेषणावरील निबंध १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांची उपकरणे साधी होती. काचेची इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी घ्यायची, एका फाट्यात वास ठेवायचा, दुसऱ्यात साधी हवा आणि माश्या कोणत्या फाट्यात जातात ते मोजायचे. अळ्यांसाठी बशीत एका बाजूला वासाचा ठिपका ठेवला की पुरे. ही कामगिरी अवघड होती ती संख्येमुळे. एकेका उत्परिवर्तनासाठी माश्यांच्या असंख्य वंशावळी तपासाव्या लागत. प्रत्येक वंशावळ मक्याचे पीठ, साखर आणि यीस्ट यांच्या खाद्यावर बाटलीत जिवंत ठेवावी लागे. माश्यांना साधारण २५ अंश सेल्सिअस तापमान मानवते, आणि मुंबईचा उन्हाळा तर सर्वांनाच ठाऊक आहे. रसायने आणि उपकरणे आयात करायची तर परवाने आणि परकीय चलन यांचा अडथळा असे. अशा स्थितीत काचेच्या नळीवर जागतिक दर्जाचे संशोधन उभे राहिले, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे.

या शोधातून असे आढळले की एखाद्या जनुकात बिघाड झाल्यास माशीला एका प्रकारचे वास येईनासे होतात, पण दुसऱ्या प्रकारचे येत राहतात. वासांची ओळख पटवणाऱ्या वेगवेगळ्या वाटा असल्या पाहिजेत, असा त्याचा अर्थ होता. सस्तन प्राण्यांतील वासग्राही प्रथिनांची जनुके लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढली, तेव्हा वासांच्या अशा विभागणीचे रेण्वीय रूप समोर आले. माशीतील अशी जनुके १९९९ मध्ये सापडली. रॉड्रिग्ज यांनी पुढे जर्मनीत एरिक बुखनर यांच्यासमवेत वासांचे संदेश माशीच्या मेंदूत कोठे पोचतात, याचे चित्रण केले आणि त्या मुंबईला परतल्या.

डिसेंबर १९७९ मध्ये टाटा संस्थेत फळमाशीची वाढ आणि मज्जासंस्था या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिचे वृत्तपुस्तक सिद्दिकी, बाबू, लिंडा हॉल आणि जेफ्री हॉल यांनी संपादित केले. शरीरातील जैविक घड्याळावरील कार्यासाठी जेफ्री हॉल यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. महाबळेश्वर येथे आधुनिक जीवशास्त्रावर भरणारी चर्चासत्रे हीसुद्धा सिद्दिकी यांचीच देणगी. जगातले अग्रगण्य संशोधक आणि भारतातले तरुण विद्यार्थी थंड हवेच्या गावी काही दिवस एकत्र राहत आणि वाद घालत. अनेकांच्या कारकिर्दीची दिशा तेथे बदलली असणार.

आठवडाभराची आठवण

येथे सिद्दिकी यांच्या चरित्रातून क्षणभर बाजूला होऊन स्मृतीच्या संशोधनात दरम्यान काय घडले, ते पाहणे आवश्यक आहे.

माशीला एकदाच धडा दिला, तर ती तो दिवसभरात बहुतांशी विसरते. लागोपाठ दहा धडे दिले, तर आठवण काही काळ अधिक टिकते. परंतु तेच दहा धडे प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने दिले, तर ती आठवडाभर टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी आणि रोज संध्याकाळी म्हटलेले पाढे यांतील फरक आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना प्रयोगाविनाच ठाऊक होता. अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत टिम टली यांच्या गटाने १९९४ मध्ये त्यामागचे कारण दाखवले. विश्रांतीसह दिलेल्या धड्यांतून निर्माण होणाऱ्या आठवणीसाठी पेशीत नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. प्रथिनांची निर्मिती रोखणारे औषध माश्यांना खाऊ घातले, तर दीर्घकालीन आठवण तयार होत नाही.

नवी प्रथिने हवीत म्हणजे त्यांची जनुके जागी व्हायला हवीत. हे काम करणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे नाव क्रेब. पेशीत सायक्लिक एएमपीचे प्रमाण वाढले की हे प्रथिन कार्यान्वित होते, डीएनएवरील ठरावीक जागी बसते आणि तेथील जनुके सुरू करते. त्याचेच एक दुसरे रूप उलट काम करते, म्हणजे ती जनुके रोखून धरते. जेरी यिन, टली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे रोखणारे रूप माश्यांत वाढवले. त्या माश्या शिकल्या, त्यांची अल्पकालीन आठवण शाबूत राहिली, परंतु दीर्घकालीन आठवण नाहीशी झाली. शिकणे आणि ते दीर्घकाळ लक्षात ठेवणे यांच्यामध्ये जनुकांचे दार आहे, हे यातून स्पष्ट झाले.

पुढच्याच वर्षी त्याच गटाने अधिक खळबळजनक दावा केला. जनुके सुरू करणारे रूप वाढवल्यास माशीला एकाच धड्यात आठवडाभराची आठवण राहते, असे त्यांनी जाहीर केले. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांची स्वप्ने पाहिली जाऊ लागली. २००४ मध्ये मात्र दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग नव्याने केला आणि तो परिणाम त्यांना आढळला नाही. वापरलेल्या जनुकाच्या मजकुरातच एक चूक होती आणि त्यापासून कामाचे प्रथिन तयार होणे शक्य नव्हते, असे त्यांनी दाखवले. दीर्घकालीन आठवण रोखण्याचा १९९४ चा निष्कर्ष मात्र त्यांच्या प्रयोगातही टिकला. माशी विसराळू करणे साधले. तिला एकपाठी करणे साधले नाही. स्मृतिवर्धक गोळ्यांच्या जाहिराती आजही वर्तमानपत्रांत झळकतात, म्हणून हा फरक ध्यानात ठेवावा.

बेंगळुरूतील पर्व

मुंबईतील विभाग वाढत होता आणि जागा अपुरी पडत होती. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र ही टाटा संस्थेचीच नवी शाखा १९९० च्या दशकाच्या आरंभी बेंगळुरू येथे सुरू झाली आणि सिद्दिकी तिचे पहिले संचालक झाले. पुढे कृषी विद्यापीठाच्या परिसरात तिची कायमची वास्तू उभी राहिली. तेथेही त्यांनी पूर्वीचीच पद्धत ठेवली. तरुण संशोधक निवडायचे, त्यांना त्यांचा विषय ठरवू द्यायचा आणि वाट पाहायची. संचालकपद त्यांनी विजयराघवन यांच्याकडे सोपवले. निवृत्तीनंतर पुष्कळ शास्त्रज्ञ समित्यांवर जातात. सिद्दिकी पुन्हा प्रयोगशाळेत गेले.

या टप्प्यावर ते अखेर स्मृतीकडे वळले आणि त्यासाठी त्यांनी माशीऐवजी तिची अळी निवडली. अळीचा मेंदू माशीच्या मेंदूपेक्षा कितीतरी लहान, त्यामुळे उलगडायला सोपा. किती लहान, याचा अचूक आकडा त्यांच्या निधनानंतर मिळाला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशानुसार अळीच्या मेंदूत ३,०१६ चेतापेशी आहेत. २०२४ मध्ये पूर्ण झालेल्या प्रौढ माशीच्या मेंदूच्या नकाशात त्या सुमारे १ लाख ३९ हजार भरल्या. विशिष्ट वासाबरोबर विजेचा धक्का देऊन अळ्यांना तो वास टाळायला शिकवण्याची पद्धत सिद्दिकी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. विजेऐवजी उष्णता वापरून केलेल्या प्रयोगांचा निबंध २०१२ मध्ये आला. त्या वर्षी त्यांचे वय ८० होते.

सन्मान त्यांना भरपूर लाभले. १९७६ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार, १९८४ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, २००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे परदेशी सदस्यत्व, २००६ मध्ये पद्मविभूषण. भारतीय विज्ञान अकादमीचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. ही यादी प्रभावी आहे. तरीही सिद्दिकी यांचे मोठेपण एखाद्या एकट्या शोधात किंवा पुरस्कारात सापडत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बुरशी, जिवाणू, माशी, अळी असा त्यांचा प्रवास पाहिला, तर प्रत्येक वेळी त्यांनी प्रश्न मोठा केला आणि त्यासाठी प्राणी मात्र साधा निवडला.

जुलै २०१३ मध्ये बेंगळुरूत घराजवळ पायी जात असताना त्यांना एका दुचाकीची धडक बसली. डोक्याला गंभीर इजा झाली आणि काही दिवसांनी त्यांची प्राणज्योत मालवली. व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांचे निधन त्याआधीच, १० नोव्हेंबर २०१० रोजी, कर्करोगाने झाले होते.

त्यांनी लावलेले रोप मात्र वाढत राहिले. रॉड्रिग्ज यांचे नाव असलेला एक महत्त्वाचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, २०११ मध्ये, प्रसिद्ध झाला. माशीला चार दिवस एकाच वासात ठेवले की ती त्या वासाकडे दुर्लक्ष करू लागते. कोळीवाड्यात राहणाऱ्याला सुक्या मासळीचा वास जाणवेनासा होतो, तसाच हा प्रकार. हीसुद्धा एक दीर्घकालीन स्मृतीच होय. बेंगळुरूचे केंद्र आणि डब्लिनमधील मणी रामस्वामी यांचा गट यांनी मिळून या सवयीचा मागोवा घेतला आणि त्यात दुसऱ्याच जातीची नियामक प्रथिने समोर आली. क्रेब हे पेशीच्या केंद्रकात जनुक सुरू करते. ॲटॅक्सिन-२ आणि एफएमआरपी ही प्रथिने मात्र जनुकाचा संदेश केंद्रकाबाहेर पडल्यानंतर त्यावर नियंत्रण ठेवतात. संदेशवाहक आरएनएचे रेणू ती सूक्ष्म कणांत बांधून ठेवतात आणि तेथून गरजेनुसार प्रथिन तयार होऊ देतात. एखादा कागद लिहून तयार असावा, पण साहेबांची सही होईपर्यंत तो टपालात पडू नये, तशी ही व्यवस्था आहे.

ही दोन्ही नावे डॉक्टरांना वेगळ्या कारणाने परिचित आहेत. माणसात एफएमआरपी नसले, तर फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक वाढ खुंटवणारा विकार होतो. ॲटॅक्सिन-२ च्या जनुकातील दोषामुळे शरीराचा तोल हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार जडतो. बास्कर बक्तवचलु, रामस्वामी, विजयराघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये माशीतील ॲटॅक्सिन-२ चा विशिष्ट आकार नसलेला, सैलसर भाग काढून टाकला. त्यानंतर सूक्ष्म कण नीट बनेनात आणि माशीची दीर्घकालीन सवय जडेनाशी झाली. परंतु त्याच वेळी, चेतापेशी झिजवणाऱ्या मानवी आजारांची नक्कल करणाऱ्या माश्यांत हाच बदल घडवल्यावर त्यांच्या पेशींची झीज कमी झाली. आठवण टिकवण्यासाठी जी रचना लागते, तीच वार्धक्यात चेतापेशींच्या नाशालाही हातभार लावू शकते, असे या प्रयोगातून दिसते. ही रचना स्मृतीला धक्का न लावता आवरता येईल का, याचा शोध बेंगळुरू आणि डब्लिनपुरता मर्यादित राहिलेला नाही. ॲटॅक्सिन-२ चे प्रमाण कमी करण्याच्या उपायांचा विचार मानवी आजारांसाठीही जगभर होत आहे.